मृगाआधी रचलेलं जळण

मे महिन्याच्या 25 तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि 7-8 जूनला मृग लागतो. मधले दिवस आमच्या इंदापूर तालुक्यात फार घाईचे. पेरणीची रानं तयार करायची, घरावरचे पत्रे बघायचे, कडबा झाकायचा आणि पावसाळाभर पुरेल एवढं जळण कोरड्या जागी रचायचं. पहिल्या तीन कामांची बोलणी पारावर होतात. चौथं काम बायकांचं म्हणून कुणी त्याचं नावही काढत नाही. निमगाव केतकीच्या शिवारात आमची वस्ती आहे. थोडी द्राक्षं, थोडा ऊस. लग्न होऊन आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी जळण रचत आले आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: चूल धूर करणार की नीट पेटणार, हे चुलीपुढे बसल्यावर ठरत नाही. ते उन्हाळ्यातच अंगणात ठरून गेलेलं असतं.

घरात गॅस असताना जळण कशाला, असं शहरातले पाहुणे विचारतात. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांवर शेगड्या आल्या, ही मोठी सोय झाली. पहाटेचा चहा, पोरांचा डबा गॅसवरच होतो. पण 14.2 किलोच्या टाकीवर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं आणि कामावरच्या गड्यांसाठी बाजरीच्या भाकरीही थापायच्या, तर ती महिनाभरही टिकत नाही. जळण मात्र आपल्याच बांधावर उगवतं. म्हणून गॅस आणि चूल दोन्ही चालू राहतात, आणि बहुतेक घरांचं हेच गणित आहे.

जळण येतं कुठून? आमच्या भागाचं पीकच त्याचं उत्तर आहे. द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते, तेव्हा काड्यांचे भारेच्या भारे निघतात. तेल्या रोगानं गेलेल्या डाळिंबाच्या बागा उपटल्या जातात, त्यांची खोडं चांगली जळतात. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाचं पाचट हे पेटवणीला. मात्र बागेच्या काड्यांवर वर्षभर औषधांची फवारणी झालेली असते, म्हणून त्या मी बाहेरच्या बंबासाठी ठेवते, भाकरीच्या चुलीत घालत नाही.

खरं जळण बाभळीचं. तिचं लाकूड जड, जाळ संथ, निखारा टिकाऊ. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळात झाला. त्याच्या आणि ओढ्यांच्या काठानं बाभळी असत आणि आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पिढीतल्या बायका वाळलेल्या फांद्यांच्या मोळ्या डोक्यावर चुंबळ ठेवून मैलोनमैल आणत. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ओंडके येतात आणि मानेवरचं ओझं उतरलं. वेडी बाभूळ तर उजनी धरणाच्या काठापासून पडीक माळापर्यंत सगळीकडे माजली आहे. हे अमेरिका खंडातलं झाड 19 व्या शतकात आपल्या देशात आणलं गेलं. बुंध्यापासून तोडलं तरी पुन्हा फुटतं, म्हणून जळणाला ते कमी पडत नाही. ते तोडल्याचं मला दुःख नाही. गवताळ रानात ते घुसलं की गवत मरतं आणि कडबनवाडीच्या माळावरची चिंकारा हरणं अशा गवताळ रानाच्या आधारानंच जगतात. पण त्या माळावर कोयता घेऊन आपण जायचं नाही. ते रान वनखात्याचं आहे, तिथलं काम त्यांनीच करायचं. चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं तर आपल्या बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यासाठी 1964 चा कायदा आहे.

आता वाळवण्याकडे येते, कारण सगळं मर्म तिथं आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. उन्हावाऱ्यात नीट वाळलेल्या लाकडात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. ओलं लाकूड चुलीत घातलं की जाळाची बरीचशी ताकद त्या पाण्याची वाफ करण्यात जाते. त्याहून मोठं नुकसान पुढचं आहे. लाकूड तापलं की त्यातून जळणारे वायू निघतात आणि पुरेशी उष्णता असेल तरच ते पेट घेतात. ओल्या लाकडाचा जाळ थंड राहतो, वायू न जळताच बाहेर पडतात, आणि आपण ज्याला धूर म्हणतो तो हाच. म्हणजे डोळ्यांत जातो तो धूर आपण रानातून वाहून आणलेलं जळणच असतं, फक्त वाया गेलेलं.

बाभळीचा ओंडका सबंध ठेवला तर वर्षभरातही आतून वाळत नाही, कारण साल पाणी अडवते. म्हणून आधी त्याचे हातभर लांबीचे तुकडे करायचे आणि मग घण आणि लोखंडी पाचर घेऊन ते उभे फोडायचे. हे काम होळीच्या सुमारास उरकलं तर पुढची चैत्र-वैशाखाची उन्हं पुरी मिळतात. पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी असते. लाकडाला याहून चांगले दिवस नाहीत. वाळलं की नाही ते ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. टोकांना चिरा पडतात, साल सुटते, आणि दोन फाळके एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओलं लाकूड बद्द वाजतं.

रचायची रीत मला आत्याबाईंनी शिकवली. जमिनीवर थेट लाकूड ठेवायचं नाही. आधी दगडांच्या दोन ओळी मांडायच्या, त्यावर जुने वासे आडवे टाकायचे, म्हणजे खालून वारा खेळतो आणि वाळवी चढत नाही. जाड फाळके तळाला, बारीक वर. दोन्ही टोकांना एक थर उभा, एक आडवा असा रचला की थप्पी ढासळत नाही. सगळ्यात वरच्या थराची साल आभाळाकडे ठेवायची, म्हणजे चुकून पाणी पडलंच तर सालीवरून ओघळून जातं. थप्पी भिंतीला टेकवायची नाही. मध्ये हात जाईल एवढी फट हवी. रुंद बाजू पश्चिमेकडे करायची, कारण उन्हाळ्याच्या शेवटी आमच्याकडे वारा तिकडूनच सुटतो. झाकायचं ते फक्त वरून. पूर्वी पाचटाचं छप्पर करत, आता पत्रा किंवा ताडपत्री. ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळली की आत घाम धरतो आणि लाकडाला बुरशी लागते. आमचा तालुका पर्जन्यछायेतला, पावसाचा जोर बहुतेक सप्टेंबरात. पण मे महिन्यातला वळीव तासाभरात उघडं जळण भिजवून टाकतो, म्हणून झाकण आधीच जवळ हवं.

थप्पीत विंचू आणि साप आसरा घेतात, हे विसरून चालत नाही. लाल विंचवाचा दंश पूर्वी पोरांचा जीव घेत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला आणि असंख्य जीव वाचले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण दवाखाना वस्तीपासून लांब आहे. म्हणून थप्पी दारापासून दूर ठेवायची, लाकूड नेहमी वरून काढायचं, मधून ओढायचं नाही, आणि अंधारात विजेरीशिवाय हात घालायचा नाही. एका सांजेचं जळण दिवसाउजेडीच चुलीपाशी आणून ठेवावं.

रचलेल्या जळणाची खरी परीक्षा ज्येष्ठ-आषाढात होते. तुकोबारायांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर बारामतीहून पुढं निघते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, आमचं निमगाव, पुढं इंदापूर आणि सराटी. वाटेवरचं गाव अन् गाव भाकरी-पिठलं, आमटी-भात रांधतं. मोठमोठी पातेली दगडांच्या चुलींवर चढतात आणि तिथं लागतं ते घरोघरी वाळवलेलं लाकूड. पावसाची सर येऊन गेली तरी आमच्या आळीच्या चुली पहिल्या काडीला पेटतात, याचा मला अभिमान वाटतो. त्या जेवणात आमचं उन्हाळाभराचं काम असतं.

वारी वर्षातून एकदा, चूल मात्र रोजची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख लोक दगावले. त्यात चुलीपुढच्या बायका आणि त्यांच्या मांडीवरची लेकरं किती असतील! आत्याबाईंचा खोकला मी जवळून ऐकला आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याचं तंत्र बसवलं आणि 2002 मध्ये त्यासाठी त्यांना ॲशडेन पुरस्कार मिळाला. जे पाचट आमच्या रानांत पेटवून दिलं जातं, त्याचंच हे इंधन. असे प्रयोग वाढावेत, गॅसही परवडावा. तोवर जी चूल पेटते आहे ती कोरड्या लाकडावर पेटावी, एवढं आपल्या हातात आहे. धूर पुरता जात नाही, पण डोळ्यांना जाणवेल इतका कमी होतो.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली घरातल्या पुरुषांना: ओंडके फोडण्याचं काम होळीच्या आत करून द्या, ते उन्हाळ्याच्या शेवटावर ढकलू नका. दुसरी ग्रामपंचायतीला. पंतप्रधान आवास योजनेच्या घरकुलाला किमान 25 चौरस मीटर जागा धरली आहे, त्यात स्वयंपाकाची जागाही मोजली आहे. जळणासाठी मात्र वीतभर जागा नाही, त्यामुळे नव्या घरांपुढे लाकूड पावसात भिजत पडतं. घरकुलाला लागून चार खांब आणि एक पत्रा एवढी पडवी मंजूर करा. खर्च थोडा आहे, आणि त्याचा लाभ त्या घरातल्या बाईला दर सकाळ-संध्याकाळ मिळेल.