वीज चालू झाल्यानंतरचे पहिले काही मिलिसेकंद

मंडळी, सिम्युलेशन बिनचूक चाललं की आपल्याला वाटतं, चला, काम झालं. आज एक किस्सा सांगतो, त्यानं तो आनंद जरा कमी होईल.

मार्च १९९९ मध्ये नासानं 'वायर' नावाची छोटी अवरक्त दुर्बीण अवकाशात पाठवली. ती गार ठेवायला आत गोठवलेला हायड्रोजन होता आणि मोहीम चार महिन्यांची होती. झाकण उडवणाऱ्या स्फोटक खटक्यांची एक पेटी होती. तिला वीज दिली आणि झाकण तेव्हाच, वेळेआधी उडालं! उष्णता आत शिरली, हायड्रोजनचा वायू होऊन बाहेर पडू लागला आणि त्या झोतानं यान गरगरा फिरू लागलं. सुमारे दीड दिवसात सगळा हायड्रोजन संपला.

चूक कुठे होती? पेटीतल्या एफपीजीएचा रीसेट सिंक्रोनस होता. म्हणजे क्लॉकचा ठोका पडला तरच तो लागू होणार. पण क्रिस्टल ऑसिलेटर बटण दाबताक्षणी सुरू होत नाही, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात आउटपुट पिनांवर काय येईल याची हमी नव्हती. खटक्याला तेवढं पुरलं.

सिम्युलेशनमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे व्होल्टेज हळूहळू चढतच नाही आणि क्लॉक शून्य क्षणापासून इमानदारीत चालतो.

ती चिप एकदाच प्रोग्राम होणारी होती. तुमच्या बोर्डावरच्या एसरॅमवाल्या चिपचं तर त्याहून अवघड. वीज गेली की रचना पुसली जाते, दरवेळी फ्लॅशमधून बिटस्ट्रीम पुन्हा भरावी लागते. 'डन' पिन वर येईपर्यंत तुमचं लॉजिक अस्तित्वातच नसतं! बहुतेक पिना मोकळ्या लोंबकळतात. काही चिपमध्ये आतले कमजोर पुल-अप चालू असतात, म्हणजे पिन चक्क 'एक'कडे झुकते. मोटर तिथे जोडली असेल तर बघा काय होईल ते.

म्हणून धोक्याच्या पिनेला बाहेरून पुल-डाउन रेझिस्टर लावा, तोही आतल्या पुल-अपला हरवेल इतका दमदार. रीसेट लागताना क्लॉकची वाट बघू नये, सुटताना मात्र क्लॉकबरोबर सुटावा. आणि ऑसिलोस्कोपचा एक चॅनेल पुरवठ्यावर, दुसरा त्या पिनेवर ठेवून पॉवर-अप डोळ्यांनी बघा. लगेच बंद-चालू करून नको, कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. बोर्ड रात्रभर बंद ठेवा, सकाळी पहिल्यांदा चालू कराल तेव्हा बघा.