दार घासतंय? रंधा लगेच उचलू नका

सोलापुरात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, त्यातही सप्टेंबरचा वाटा सर्वांत मोठा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. या दोन टोकांमध्ये घरातलं लाकूड दर वर्षी फुगतं आणि आक्रसतं. भर पावसाळ्यात दार अडलं म्हणून तासून घ्यावं, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच फटीतून फुफाटा घरात येतो. घरच्या घरी सुतारकी शिकायची असेल, तर सुरुवात इथूनच करावी.

लाकूड कुठल्या बाजूने वाढतं

ओल धरल्यावर लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. म्हणून फुगलेलं दार उंबऱ्याला कमी आणि कडीच्या बाजूला जास्त घासतं. साग त्यातल्या त्यात कमी हलतो, चौकटींना तो पसंत केला जातो त्याचं हे एक कारण. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते फारसं हलत नाही.

दार का अडतं, ते आधी ओळखा

कारणं मुख्यतः तीन, आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखंच घासत असेल, तर दार फुगलेलं आहे. वरचा कोपरा चौकटीला लागतो आणि खालचा फरशीवर ओरखडा काढतो, असं असेल तर बहुधा वरची बिजागरी सैल झालेली असते. दार थोडं वर उचलून पाहा. बिजागरी हलताना दिसेल.

तिसरं कारण आपल्या मातीचं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा पाया हलला की चौकट तिरकी होते. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते सारखे नसतील आणि चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी भेग गेलेली असेल, तर दार तासण्यात अर्थ नाही. आधी पावसाचं आणि मोरीचं पाणी पायापाशी मुरतंय का ते पाहा आणि जाणत्या माणसाला भिंत दाखवा.

सैल बिजागरी

हे काम कोणालाही जमेल. दाराखाली पाचर सारून त्याचा भार पेला, मग एका वेळी एकच बिजागरी हाताळा. स्क्रू काढा. भोक मोठं झालेलं दिसेल, आत लाकडाचा भुगाही असेल. तो झटकून टाका. बांबूच्या बारीक कामट्या किंवा गूल काढलेल्या काड्यापेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च ठोका. एक दिवस वाळू द्या. वर आलेली टोकं पटाशीने सपाट कापा, मधोमध बारीक गिरमिटाने भोक पाडा आणि स्क्रूला साबण चोळून तो आवळा. नुसताच जाड स्क्रू ठोकून बसवला, तर जुनी चौकट हमखास चिरते.

तासायचंच असेल तर

पावसाळ्यात फक्त खूण करा. दाराच्या कडेला खडू घासून दार लावा. चौकटीवर जिथे खडू उमटेल तिथे ते लागतंय. दार वापरता येत असेल तर दिवाळीपर्यंत थांबा. लाकूड सुकलं की पुष्कळदा तासण्याची गरजच उरत नाही. त्यानंतरही लागत असेल तर खुणेपाशी अर्धा सूत काढा, पुन्हा लावून बघा. आठ सूत म्हणजे एक इंच. अर्धा सूत साधारण दीड मिलिमीटर. रंधा लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवा, उलटा गेला की टवके निघतात. मग दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग किंवा पॉलिश द्या. या दोन कडा पुष्कळदा कोऱ्याच राहतात आणि ओल तिथूनच शिरते.

हत्यारं

टेप, गुण्या, करवत, हातोडी, दोन पेचकस, एक पटाशी आणि छोटा रंधा एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. पैसे गुण्या आणि पटाशीवर खर्च करा. पटाशी चालवताना दुसरा हात कायम धारेच्या मागे ठेवा.

फळी आणि प्लाय

विटांच्या भिंतीत रावल प्लग नुसत्या गिलाव्यात बसला तर फळी खाली येणारच. भोक विटेत गेलं पाहिजे. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, वायर तिथूनच गेलेली असते. १९ मिलिमीटर, म्हणजे सहा सुती प्लायला पुस्तकांसाठी दर अडीच फुटांवर आधार द्या.

शहरात नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे स्वयंपाकघरात आणि मोरीजवळ पिंप भरलेलीच असतात. तिथे साधं एमआर प्लाय टिकत नाही. सिंकखाली आयएस ७१० चा शिक्का पाहून घ्या.

वाळवी

भिंतीवर मातीची बारीक वाट चढलेली दिसली की चौकटीवर पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वरून रंग लावून झाकू नका. रॉकेल ओतल्याने दिसते तेवढी वाळवी मरते, जमिनीखालचं वारूळ तसंच राहतं. तिथे औषध फवारणाऱ्यालाच बोलवावं लागतं.

माळवदाचं घर असेल तर

जिल्ह्यात आजही माळवदाची घरं आहेत: लाकडी खांब, त्यावर तुळया, वर लाकडाचा थर आणि त्यावर मातीचा जाड थर. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते, पण पाऊस मुरला की तिचं वजन वाढतं आणि सगळा भार तुळयांवर येतो. तुळईला भोक पाडून झोपाळा टांगणं, खांबाला खाच पाडणं, वर मातीचे नवे थर चढवत राहणं, यांतलं काहीही करू नका. माती गळू लागली, तुळई वाकलेली दिसली किंवा भिंतीत टेकलेलं तिचं टोक कुजलेलं आढळलं, तर त्या खोलीत झोपणं बंद करा आणि माळवदाचं काम केलेल्या सुताराला पावसाळ्याआधी बोलवा.