अंतःस्थ वर्ण आणि मात्रागणना

वर्णमालेत स्पर्श आणि ऊष्म यांच्या मध्ये येणाऱ्या य, र, ल, व या वर्णांना प्राचीनांनी ‘अंतःस्थ’ ही संज्ञा दिली. उच्चारदृष्ट्याही हे वर्ण मधलेच होत. स्वरोच्चारात श्वास मुखातून मोकळा वाहतो, स्पर्शवर्णात तो क्षणभर अडतो. अंतःस्थांत, विशेषतः य आणि व यांत, मार्ग अरुंद होतो. परंतु घर्षण ऐकू यावे इतका नव्हे.

‘ई’ उच्चारताना जिभेचा मध्यभाग तालूकडे उचलला जाऊन तेथे स्थिरावतो. ‘य’साठी तो तेथेच जातो, पण थांबत नाही, पुढील स्वराकडे वळतो. ‘ऊ’ आणि ‘व’ यांचे नाते असेच आहे. मात्र मराठी ‘व’मध्ये बहुधा ओठांचा गोलावा ओसरून खालचा ओठ वरच्या दातांजवळ येतो. ‘ल’च्या वेळी जिभेचे टोक मधली वाट अडवते आणि वायू बाजूंनी निसटतो. ‘र’च्या वेळी ते हिरडीला ओझरते स्पर्शून परतते.

इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी य, व, र, ल येतात, हा पाणिनीने सांगितलेला यणादेश केवळ संस्कृतापुरता नाही. ‘भाऊ’चे ‘भावाला’, ‘देऊळ’चे ‘देवळात’, ‘आई’चे ‘आया’ या रूपांत त्याच जातीचा पालट आजही दिसतो.

‘दरी’चे अनेकवचन ‘दऱ्या’. येथे ‘ई’चा ‘य’ होतो आणि र व य एकत्रच उत्तरावयवाचा आरंभ करतात. ‘द’वर आघात येत नाही, तो लघूच राहतो. समुद्रवाचक ‘दर्या’त मात्र ‘र’ पूर्वावयवाला चिकटतो आणि ‘द’ गुरू होतो. पहिल्या शब्दाच्या मात्रा 3, दुसऱ्याच्या 4. ‘आचाऱ्याने’ व ‘आचार्याने’ यांत ‘चा’ मुळातच दीर्घ असल्याने मात्रा बदलत नाहीत. पण स्वयंपाकी आणि गुरू यांतील अंतर या एका उच्चारावरच अवलंबून आहे. मुद्रणात अर्ध्या चंद्रासारख्या ‘र’च्या जागी रफार पडला, की हा भेदच पुसला जातो.

‘तऱ्हा’, ‘तुझ्या’ यांतही जोडाक्षर डोळ्यांना दिसते, पण पूर्वाक्षर लघूच राहते. म्हणून जोडाक्षरामागील प्रत्येक अक्षर गुरू मानणारा समीक्षक लिपी मोजतो, भाषा नव्हे. चरणात एक मात्रा वाढल्याचा दोष कवीच्या माथी मारण्यापूर्वी तो चरण एकदा मोठ्याने म्हणून पाहावा. लघुगुरूचा निवाडा अखेर जिभेनेच करावयाचा असतो.