ढगात शिरल्यावर कानाचं ऐकू नये

रात्री उतरणाऱ्या विमानाच्या पंखांची टोकं कधी नीट पाहिलीत? डाव्या टोकाला लाल दिवा, उजव्याला हिरवा. देवगड बंदरातल्या कुठल्याही तांडेलाला हे नवं नाही, त्याच्या ट्रॉलरवरही डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवाच असतो. विमानविद्येनं बरंच काही दर्यावर्दी लोकांकडून उचललंय. वेग नॉटमध्ये, अंतर सागरी मैलात (एक मैल म्हणजे १,८५२ मीटर) आणि चालवणारा तो कॅप्टन.

म्हणूनच वैमानिकाचा अभ्यास किनारपट्टीच्या पोरांना परका वाटू नये. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षेत नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्राचे स्वतंत्र पेपर असतात. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे थेट कामाला येतात. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचंच बघा. ९ ऑक्टोबर २०२१ला तिथे मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं. धावपट्टीच्या दोन टोकांना ०९ आणि २७ असे आकडे आहेत. ही होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य गाळून: २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. विमान शक्यतो वारा तोंडावर घेऊन उतरवतात, कारण त्यानं जमिनीच्या हिशेबातला वेग घटतो आणि थांबायला धावपट्टी कमी लागते. दुपारी खारे वारे जोरात सुटले, की चिपीच्या सड्यावर समुद्राकडे तोंड करून उतरणंच सोयीचं.

पण या शिक्षणातली खरी अचंब्याची गोष्ट वेगळीच आहे. इथे माणसाला स्वतःच्या शरीरावर अविश्वास ठेवायला शिकवतात. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव. कळशी गर्रकन फिरवली तर आतलं पाणी क्षणभर मागे राहतं, तसाच हा द्रवही मागे राहतो आणि मेंदूला कळतं, आपण वळतोय. वळण एकसारखं चालू राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रव नलिकेच्या वेगानं फिरू लागतो आणि कान सांगतो, सरळ चाललोय! आषाढातल्या काळ्याकुट्ट ढगात क्षितिज दिसत नाही. कान म्हणतो सरळ, विमान मात्र कलत कलत खाली घसरत असतं. वैमानिकानं त्याला सरळ केलं, की कान ओरडतो, आता उलटीकडे कललास! अशा वेळी तबकडीवरच्या कृत्रिम क्षितिजावरच विश्वास ठेवायचा. हे अंगवळणी पडावं म्हणून विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर झापड बांधतात. बाहेरचं काही दिसत नाही, दिसतात फक्त यंत्रं. कमर्शियल परवान्यासाठी लागणाऱ्या उड्डाणाच्या किमान २०० तासांत असे १० तास लागतात. १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून काढावे लागतात आणि रात्रीचं उड्डाणही करावं लागतं.

हे शिकवणाऱ्या संस्था महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर इथे आहेत, म्हणजे समुद्रापासून चांगल्या लांब.

हे काम पुरुषांचं, असं अजून कुणाला वाटत असेल तर त्यानं १९८५ आठवावं. त्या वर्षी कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी कोलकाता–सिलचर मार्गावर फोकर विमान नेलं आणि त्यात कर्मचारी झाडून सगळ्या बायका होत्या. आज भारतीय वैमानिकांमधलं स्त्रियांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. पैशाच्या बाबतीत मात्र दार अजून अरुंदच. खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, आणि परवाना हातात आला तरी एअरबस किंवा एटीआरसाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची पात्रता, वेगळं करावं लागतं.

तेव्हा घरातल्या बारावी सायन्सच्या मुलामुलीला हे वेड लागलं असेल, तर आंब्याची कलमं गहाण टाकण्याआधी एक करा. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल करून घ्या आणि पुढे क्लास वन. चष्मा चालतो, पण तो लाल आणि तो हिरवा दिवा वेगळा ओळखता यायलाच हवा. फी भरायची ती त्यानंतर.