एकवीस आंकडी संख्येचें अंतरंग

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, अशा दुपटीनें धान्य मागून राजास पेंचांत टाकणाऱ्या चतुर पुरुषाची गोष्ट वाचकांच्या परिचयाची आहेच. पटाचीं घरें चौसष्ट. तीं सदुसष्ट असतीं, तर एकंदर दाणे झाले असते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजे सदुसष्ट वेळां दोन मांडून येणाऱ्या गुणाकाराहून एकानें कमी. ह्या संख्येनें अडीचशें वर्षांहून अधिक काळ आपलें अंतरंग कोणास दाखविलें नाहीं.

इ. स. १६४४ मध्यें मेर्सेन नामक फ्रेंच धर्मगुरूनें ह्या जातीच्या मूळ संख्यांची, म्हणजे एक व ती स्वतः ह्यांखेरीज कशानेंही निःशेष न भागल्या जाणाऱ्या संख्यांची, यादी प्रसिद्ध केली. तींत आपली संख्याही होती. एवढ्या मोठ्या संख्येचा पडताळा घेणार कोण? पुढें १८७६ सालीं ल्यूका ह्या फ्रेंच गणितज्ञानें ती मूळ नाहीं असें सिद्ध केलें. मात्र तिचे अवयव कोणते, हें त्यालाही सांगतां आलें नाहीं!

अवयव न सांपडतां हें कसें कळावें, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठीं फर्माचा नियम पाहावा. दोनाहून मोठी मूळ संख्या घेऊन, तिच्याहून एकानें कमी इतक्या वेळां दोन मांडून गुणाकार करावा. त्यास त्या संख्येनें भागिलें असतां बाकी एकच उरते. सातासाठीं सहा वेळां दोन, म्हणजे ६४; बाकी १. नवासाठीं आठ वेळां दोन, म्हणजे २५६, बाकी ४. अर्थात् नऊ मूळ नव्हे. आणि हें ठरवितांना तिनाचें नांवही काढावें लागलें नाहीं! आपली संख्या मात्र दोनाच्या ह्या कसोटीसही चकविते; मूळ नसूनही बाकी एकच उरते. ल्यूकाची कसोटी ह्याहून सूक्ष्म होती.

अवयव हुडकण्याचा मान न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल ह्यांचा. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं अमेरिकन गणित-मंडळाच्या सभेंत त्यांनीं ते मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. गणितज्ञ बेल ह्यांनीं दिलेल्या हकीकतीप्रमाणें, कोल ह्यांनीं एक अक्षरही न उच्चारतां फळ्यावर प्रथम मूळची संख्या काढिली, शेजारीं हा गुणाकार केला, आणि दोन्ही उत्तरें एक आलेलीं दाखवून ते जागेवर जाऊन बसले. सभेनें टाळ्यांचा गजर केला. ह्या शोधास तीन वर्षांचे रविवार लागले, असें त्यांनीं पुढें बेल ह्यांस सांगितलें. तेवढे लागावेत ह्यांत नवल नाहीं. अवयव १३४ च्या कोणत्या तरी पटीहून एकानें अधिक असलाच पाहिजे, एवढें ठाऊक असूनही लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीपाशीं दडलेला आहे!

शोधण्यास वर्षें, ताडून पाहण्यास घटकाभर : गणिताचा हा विलक्षण न्याय पुढें व्यवहारांतही उपयोगीं पडला. १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर व एडलमन ह्यांनीं त्यावरच गुप्तलेखनाची पद्धति उभारली. आजचें संगणकयंत्र आपल्या संख्येचे अवयव क्षणार्धांत सांगतें. परंतु सहाशेंहून अधिक आंकडी संख्या, तिचे अवयव नीट निवडलेले असल्यास, त्यासही दाद देत नाहीं.

मेर्सेनचा शब्द मोठा होता. पण तो खोटा ठरविण्यास शेवटीं एक साधा गुणाकार पुरला. घरांतील मुलामुलींकडून तो एकदां पाटीवर करवून घ्यावा. थोरामोठ्यांचें म्हणणें आदरानें ऐकावें, तरी स्वतः पडताळून मगच स्वीकारावें, हा धडा त्यांस सहज मिळेल.