बंद न होणारा पहारेकरी

गिरगाव-दादर भागातील जुन्या इमारतींत अजूनही जाळीच्या सरकत्या दारांची लिफ्ट पाहायला मिळते. तिसऱ्या मजल्यावर कोणी जाळी अर्धवट लावून गेले, की तळमजल्यावर पिशव्या घेऊन ताटकळणाऱ्याने कितीही वेळा बटण दाबले तरी लिफ्ट हलत नाही. मग ‘जाळी लावा!’ अशी हाक जिन्यातून वर जाते. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. सर्व दरवाजे बंद झाल्याखेरीज ही गाडी सुटत नाही. दादरला गर्दीच्या वेळी एखाद्याची पाठपिशवी दारात अडकली, की सारी गाडी खोळंबते आणि आतले प्रवासी चडफडतात.

हीच चडफड आज संगणकापुढेही ऐकू येते. शाळेच्या संगणक-कक्षात तास सुरू व्हावा आणि नेमकी त्याच वेळी सुरक्षा-सॉफ्टवेअरची तपासणी सुरू व्हावी. यंत्र मंदावते, पडद्यावर सूचनांची रांग लागते आणि ‘बंद करा’ म्हटले तरी ते बंद होत नाही. संगणक आपला, वीज आपली, मग हा पहारेकरी आपले का ऐकत नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागते. अशी रचना मुद्दाम का केली जाते, हा पहिला भाग. आणि ती कोठे चुकते, हा दुसरा.

थांबणे म्हणजे सुरक्षित

प्रथम लिफ्टच पाहू. प्रत्येक मजल्याच्या दारात विजेचा एक स्पर्शक असतो आणि हे सर्व स्पर्शक एकसर जोडणीत असतात. एकसर जोडणीत एक जरी जागा तुटली तरी संपूर्ण मंडल खंडित होते. म्हणून सात दारांपैकी एक उघडे राहिले तरी मोटर फिरत नाही. विशेष म्हणजे उंदराने तार कुरतडली किंवा स्पर्शक गंजला, तरीही परिणाम तोच होतो: लिफ्ट थांबते. सुरक्षेची यंत्रणा स्वतः बिघडली, तरी ती सुरक्षित बाजूला बिघडते. रेल्वेच्या हवेच्या ब्रेकचेही असेच आहे. ब्रेकनळीतील हवेचा दाब कमी झाला की ब्रेक लागतात. त्यामुळे नळी फुटली तर गाडी थांबते, मोकाट सुटत नाही.

या रचनेत एक गृहीत दडलेले आहे. थांबणे ही सुरक्षित अवस्था आहे, हे ते गृहीत होय. ते लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

पहारेकऱ्याला फसवता येते

लोकल चालवताना मोटरमनला नियंत्रकाची मूठ सतत दाबून धरावी लागते. त्याला भोवळ आली आणि हात सुटला, की ब्रेक लागतात. पण मूठ दाबणारा हात शुद्धीवरच्या माणसाचा आहे की नुसते वजन आहे, हे मुठीला कसे कळणार? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील वॉटरफॉलजवळ ३१ जानेवारी २००३ रोजी एका गाडीच्या चालकाला हृदयविकाराचा झटका आला. त्या गाडीत मुठीऐवजी पायाने दाबायचे पायटेही होते. चालकाच्या पायांच्या भारामुळे ते दाबलेल्या स्थितीतच राहिले, गाडी वळणावर रुळांवरून घसरली आणि चालकासह सात जण मृत्यू पावले.

यावरून एक धडा मिळतो. स्थिर संकेताची नक्कल सहज होते. म्हणून पुढच्या यंत्रणा चालकाकडून ठरावीक वेळाने प्रतिसाद मागतात, आणि तो न मिळाल्यास ब्रेक लावतात. पहारा जितका चोख, तितका तो काम करणाऱ्याला अधिक टोचतो. ही किंमत टाळता येत नाही. ती किती असावी, एवढेच ठरवता येते.

संगणकातील पहारा

आता संगणकाकडे वळू. चाळीत प्रत्येक खोलीला स्वतःचे बटण असते, परंतु जिन्याखाली एक मुख्य वीजफलक असतो. खोलीतील बटण बिघडले तर ती खोली अंधारात जाते. मुख्य फलक बिघडला तर सगळी चाळ. संगणकातही असे थर असतात. आपण वापरतो ती लेखनाची, चित्रांची, खेळांची सॉफ्टवेअर ही खोल्यांसारखी. त्यांना स्मृती, डिस्क किंवा पडदा थेट हाताळता येत नाही. प्रत्येक वेळी कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे मागणी करावी लागते. या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात.

विषाणूविरोधी सॉफ्टवेअरचा महत्त्वाचा भाग या गाभ्यालगत बसवलेला असतो. एखादी फाइल उघडण्याची मागणी आली, की ती आधी याच्या नजरेखालून जाते. ओळखीच्या घातक आज्ञावलींच्या खुणांशी फाइल ताडून पाहिली जाते आणि मगच पुढे सोडली जाते. यंत्र मंदावते ते यामुळे. तास सुरू होताना वीस फाइली उघडल्या, तर वीस वेळा झडती होते. कक्षातील यंत्रे जुनी आणि कमी स्मृतीची असली, तर ही झडती चांगलीच जाणवते.

मग ते बंद का करू देत नाही? कारण संगणकाला ‘बंद करा’ ही आज्ञा माणसाने दिली की विषाणूने, हे सहजासहजी कळत नाही. आपल्या बोटाने दाबलेले बटण आणि आपल्या नावाने चाललेल्या घुसखोर आज्ञावलीने दाबलेले बटण आतून सारखेच दिसते. ही भीती काल्पनिक नाही. २००८ मध्ये पसरलेला ‘कॉन्फिकर’ हा किडा विंडोजची अद्ययावत होण्याची सेवा बंद करीत असे आणि सुरक्षा-कंपन्यांच्या संकेतस्थळांकडे जाणारा रस्ताही अडवीत असे. चोर आधी कुत्र्याला गप्प करतो, तसाच हा प्रकार. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या विषाणूविरोधी यंत्रणेला छेडछाडीपासून संरक्षण देणारी सोय आणली, आणि तिचा चालू पहारा आपण बंद केला तरी काही वेळाने तो आपोआप पुन्हा सुरू होतो.

टाळाटाळीची किंमतही मुंबईजवळ दिसली आहे. विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली होती. तरीही १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरातील असंख्य संगणक ओलीस धरले, दुरुस्ती न बसवलेली यंत्रे त्याच्या तावडीत सापडली. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याने मेर्स्क या जहाज-कंपनीची यंत्रणा कोसळवली आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. मात्र या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे. नॉटपेट्याचा शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतूनच झाला होता. विश्वासाने उघडलेल्या दारातूनच चोर आला!

चीड का येते?

यंत्राची मंदगती हे चिडीचे एक कारण झाले. दुसरे कारण गणितात आहे आणि ते वर्गात सांगण्याजोगे आहे. समजा, एका संगणकावर १,००,००० फाइली आहेत आणि त्यांपैकी १० खरोखर दूषित आहेत. पहारेकरी सर्व दूषित फाइली ओळखतो, पण हजार निर्दोष फाइलींमागे एकीवर चुकून बोट ठेवतो. म्हणजे निर्दोष फाइलींबाबत तो ९९.९ टक्के अचूक आहे. तरीही निर्दोष ९९,९९० फाइलींपैकी सुमारे १०० फाइलींवर खोटा इशारा मिळेल. एकूण ११० इशाऱ्यांपैकी खरे फक्त १०, म्हणजे सुमारे ९ टक्के. ज्याची शोधावी ती वस्तू दुर्मीळ असेल, तर चांगला पहारेकरीही बहुतेक वेळा खोटीच आरोळी ठोकतो. आणि ‘लांडगा आला रे’ची गोष्ट तर विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे.

कधी खोटा इशाराच घात करतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकाफी कंपनीच्या नव्या खूणयादीने विंडोज एक्सपीमधील एका अत्यावश्यक फाइललाच विषाणू ठरवले आणि असंख्य संगणक निकामी झाले.

पहारेकरीच कोसळला तर?

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा-कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे एक लहानशी माहिती-फाइल पाठवली. ती वाचणाऱ्या आज्ञावलीला २१ रकाने अपेक्षित होते. प्रत्यक्षात तिला २० मूल्ये मिळाली. एकविसावे मूल्य शोधताना ती स्मृतीच्या भलत्याच जागी गेली. साध्या सॉफ्टवेअरमध्ये असे घडते, तर तेवढे सॉफ्टवेअर बंद पडले असते. एका खोलीचा दिवा गेला असता. पण हा पहारेकरी मुख्य फलकाशी बसलेला होता. संगणक निळा पडदा दाखवून थांबले आणि पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा थांबले, कारण यंत्र सुरू होताना सर्वांत आधी कामावर रुजू होणाऱ्यांत हा पहारेकरीच होता. कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी चूक मागे घेतली; परंतु तोवर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला एकेक करून हातानेच दुरुस्त करावे लागले. मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर कामकाज विस्कळीत झाले, आणि प्रवाशांच्या हाती हस्तलिखित बोर्डिंग पास पडले.

येथे ते सुरुवातीचे गृहीत आठवावे. लिफ्ट थांबली तर माणूस जिन्याने जातो. पण रुग्णालयातील किंवा विमानतळावरील संगणक थांबणे ही सुरक्षित अवस्था नव्हे. पहारा बिघडल्यावर काम थांबवावे की पहाऱ्याविना चालू ठेवावे, याचे एकच उत्तर सर्वत्र लागू पडत नाही. ते प्रत्येक ठिकाणी आधी ठरवून ठेवावे लागते.

किल्ली कोणाकडे?

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने मोबाइल उत्पादकांना निर्देश दिले, की ‘संचार साथी’ हे ॲप नव्या फोनांत आधीपासूनच असावे आणि त्याच्या सोयी निकामी करता येऊ नयेत. चोरीचे फोन व बनावट ओळखक्रमांक यांना आळा घालणे, हा हेतू सांगण्यात आला. त्यावर खासगीपणाच्या मुद्द्यावरून देशभर आक्षेप घेतले गेले आणि ३ डिसेंबरला ही सक्ती मागे घेण्यात आली. हेतू चांगला असला तरी ‘काढता येणार नाही’ हे शब्द लोकांना का खटकले, याचा विचार करण्यासारखा आहे.

लिफ्टची जाळीसुद्धा आपल्याला बंद करता येत नाही. तरी तिच्याविरुद्ध कोणी तक्रार करीत नाही. याची कारणे तीन. एक, ती काय करते ते डोळ्यांना दिसते. दोन, ती आपल्या आड का येते ते पोराटोरांनाही कळते. तीन, ती फक्त दार पाहते. आत कोण बसले आहे आणि काय बोलते आहे, याची नोंद ती करीत नाही. शिवाय दुरुस्तीला आलेल्या कारागिराजवळ तिला बाजूला ठेवण्याचा अधिकृत मार्गही असतो. संगणकशास्त्रज्ञ सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये संरक्षक यंत्रणांची तत्त्वे मांडली. त्यांतील एक तत्त्व असे, की यंत्रणा वापरणे माणसाला सहज आणि स्वाभाविक वाटले पाहिजे. नाहीतर तो पळवाट शोधतो. जाळीत काडी अडकवून लिफ्ट चालवणारा महाभाग आणि खोट्या परवान्याने सुरक्षा-सॉफ्टवेअर उखडून टाकणारा वापरकर्ता एकाच जातीचे. दोघेही पहाऱ्याला कंटाळलेले असतात. दोघेही दुसऱ्याचा जीव किंवा दुसऱ्याचा संगणक धोक्यात घालतात.

म्हणून संगणक-कक्षाचा उपाय पहारेकऱ्याला हाकलणे हा नव्हे. सर्वांगीण तपासणीची वेळ शाळा सुटल्यानंतरची लावता येते. रोजच्या वापराचे खाते आणि व्यवस्थापकाचे खाते वेगळे ठेवता येते. एकाच यंत्रावर दोन विषाणूविरोधी सॉफ्टवेअर बसवण्याचा मोह टाळता येतो. दोन पहारेकरी बहुधा एकमेकांचीच झडती घेत बसतात. आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत यंत्राबाहेर ठेवली, तर पहारेकरी कोसळला तरी काम बुडत नाही.

वर्गासाठी उपक्रम

१. दोन विद्युतघट, एक दिवा आणि तीन कळी घेऊन एकसर जोडणी करा. एकेक कळ उघडून लिफ्टच्या दारांचे कार्य दाखवा. नंतर एका कळीला तारेने वळसा द्या आणि कोणते दार आता ‘आंधळे’ झाले, ते विद्यार्थ्यांना शोधू द्या.

२. खोट्या इशाऱ्यांचे गणित दूषित फाइलींची संख्या १०ऐवजी १,००० धरून करा. खऱ्या इशाऱ्यांचे प्रमाण किती झाले? पहारेकरी तोच असताना हा फरक का पडला?

३. प्रेशर कुकरची सुरक्षा-झडप, घरातील फ्यूज, लोकलचे दार आणि संगणकाचा विषाणूविरोधक यांची यादी करा. प्रत्येकासमोर लिहा: हा बिघडला तर काय थांबते? ते थांबणे सुरक्षित आहे का? याला बाजूला ठेवण्याची किल्ली कोणाकडे आहे, आणि ती त्याच्याकडेच का असावी?

तिसऱ्या उपक्रमातील शेवटच्या प्रश्नावर वर्गात एकमत होणार नाही. ते करण्याची घाईही करू नये.