कुत्र्याचे पातेले वेगळे हवे!

आष्टा – कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात कुत्रा पाळणे ही नवी हौस नव्हे. मळ्यातील वस्तीवर राखणदार म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. अलीकडच्या काळात मात्र आष्ट्यासारख्या निमशहरी गावांतील बंगल्यांच्या फाटकाआडही लॅब्रेडॉर, पॉमेरेनियन आणि जर्मन शेफर्ड दिसू लागले. कुत्रा बदलला, त्याचे घर बदलले. बदलले नाही ते त्याचे ताट. सकाळी दूध-भाकरी, रात्री उरलेले कालवण आणि रविवारी मटणाची हाडे, हाच अनेक घरांतील शिरस्ता आहे.

पुढे केस गळू लागतात, कातडीला कोंडा येतो, कुत्रा रात्रभर खाजवत राहतो. पिल्लाचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, तर मध्यमवयीन कुत्र्याला जिना चढवत नाही. गोचिडी, जंत, बुरशी अशी अन्य कारणे असतातच. परंतु ती तपासून संपली की प्रश्न येऊन थांबतो तो ताटापाशी. कुत्र्याची प्रकृती घरच्या स्वयंपाकाने सुधारता येते, यात शंका नाही. अट एवढीच, की तो स्वयंपाक त्याच्यासाठी केलेला असावा. आपल्यासाठी केलेल्यातून जे उरले ते त्याचे, हा हिशेब त्याच्या शरीराला परवडत नाही.

भाकरी वाईट नाही, अपुरी आहे

‘कुत्रा मांसाहारी, त्याला भाकरी कशी पचणार?’ असा प्रश्न हल्ली विचारला जातो. त्याचे उत्तर २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिले आहे. स्वीडनमधील उपसाला विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ ते ३० आढळल्या. माणसाच्या शेतीच्या आणि चुलीच्या सहवासात कुत्र्याचे पचन बदलत गेले, असा त्याचा अर्थ. शाळूची भाकरी कुत्र्याला पचते. अडचण तिच्यात काय नाही, याची आहे.

दहा किलो वजनाच्या, प्रौढ आणि बेताची हालचाल करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० ते ६५० कॅलरी लागतात. त्या सगळ्या ज्वारीतूनच द्यायच्या म्हटल्या, तर सुमारे १९० ग्रॅम पीठ लागेल. त्यातून प्रथिने मिळतील जेमतेम १९ ग्रॅम, आणि त्यांतही लायसिन या आवश्यक अमायनो आम्लाची उणीव. पशुखाद्याच्या अमेरिकी मानकांनुसार एवढ्या कॅलरींमागे किमान २९ ग्रॅम प्रथिने हवीत. कॅल्शियमची तऱ्हा याहून वाईट. गरज सुमारे ८०० मिलिग्रॅमची; भाकरीतून मिळते ५० मिलिग्रॅमच्या आसपास. वाटीभर दुधाने हे अंतर थोडे कमी होते, बुजत नाही. शिवाय धान्यातील फायटेट जस्ताला धरून ठेवते. ते शरीरात पुरेसे शोषले गेले नाही की त्याचा परिणाम प्रथम दिसतो कातडीवर आणि केसांवर.

मग आजोबांच्या काळातील वस्तीवरचा कुत्रा भाकरीवर धडधाकट कसा राहत होता? तो मोकळा होता. उंदीर-घुशी मारी, गाय-म्हैस व्याल्यावर पडलेला वार खाई, मेलेल्या जनावराची हाडे दिवसच्या दिवस चघळत बसे. मालकाला त्याच्या आहारातील फक्त भाकरीच दिसत असे. आता तोच कुत्रा साखळीला किंवा फरशीच्या अंगणात आहे आणि त्याच्या तोंडी जाणारा प्रत्येक घास माणसाने दिलेला आहे. त्या काळी किती पिल्ले वर्षभरही जगत नसत, याची नोंद कोणी ठेवली नाही, हेही लक्षात घ्यायला हवे.

नुसते मांसही नको

भाकरीचा दोष कळला की काही मालक दुसऱ्या टोकाला जातात. चिकन-भात, तोही चिकन अधिक आणि भात नावापुरता. कुत्रा आवडीने खातो, अंगावर चकाकी येते आणि मालक खूश होतो. मात्र पिल्लाच्या बाबतीत हाच आहार घातक ठरू शकतो. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण एकास एक ते दोनास एक असावे लागते. हाडाविना मांसात ते नेमके उलटे, म्हणजे एक भाग कॅल्शियमला १५ ते २० भाग फॉस्फरस असे असते.

रक्तातील कॅल्शियमची पातळी ठरावीक राखणे शरीराला भागच असते. त्याशिवाय स्नायू आणि हृदय चालत नाहीत. आहारातून ते आले नाही, की गळ्यातील परावटू ग्रंथी हाडांतून ते काढून घेऊ लागतात. हाडे आतून विरळ होत जातात. पिल्लू लंगडते, त्याचे पाय वाकतात आणि साध्या खाटेवरून उडी मारली तरी हाड मोडते. बोलीभाषेत याला सरसकट ‘मुडदूस’ म्हटले जाते. खरा मुडदूस ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. हा प्रकार वेगळा असला तरी मालकाला दिसणारे चित्र जवळजवळ तेच. वेळीच एक्स-रे काढून आहार सुधारला तर अनेक पिल्ले सावरतात. उशीर झाला तर वाकलेले हाड तसेच जुळते.

यावर दोन घरगुती उपाय हमखास सुचवले जातात. एक उन्हात बसविण्याचा. माणसाच्या त्वचेत उन्हामुळे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. कुत्र्याच्या त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. दुसरा उपाय दुधाचा. वाढत्या पिल्लाला दर १,००० कॅलरींमागे सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम हवे. ते केवळ गाईच्या दुधातून द्यायचे तर अडीच लिटर दूध पाजावे लागेल. दूध सोडलेल्या वयात इतके दूध बहुतेक पिल्लांना पचत नाही आणि हगवण लागते.

औषधाच्या दुकानातून आणलेली कॅल्शियमची बाटली अंदाजाने पाजणे हाही मार्ग नव्हे. साधारण सहा महिन्यांच्या आतील पिल्लाच्या आतड्याला जादा आलेले कॅल्शियम रोखता येत नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर अशा मोठ्या जातींत त्यामुळे सांध्यांची वाढच बिघडते. सबब, पिल्लाच्या वाढीच्या वर्षात एक तर पिल्लांसाठीचे तयार खाद्य द्यावे, किंवा पशुवैद्यकाने वजनावरून आखून दिलेलाच आहार शिजवावा. घरच्या स्वयंपाकाचे प्रयोग प्रौढ कुत्र्यावर करणे अधिक सुरक्षित.

पातेल्यात काय घालावे?

वर उल्लेखिलेल्या दहा किलोच्या प्रौढ, निरोगी कुत्र्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या एका दिवसासाठी कातडी आणि हाडे काढलेले कच्चे चिकन १५० ग्रॅम, एक अंडे, ८० ग्रॅम तांदूळ किंवा तेवढ्याच ज्वारीच्या कण्या, मूठभर भोपळा, गाजर किंवा घेवडा आणि दोन चहाचे चमचे शेंगतेल वा करडईचे तेल पुरते. तांदूळ अथवा कण्या मऊ शिजवाव्यात, भाजी बारीक चिरून त्यातच टाकावी, चिकन वेगळे उकडून त्याच्या पाण्यासह मिसळावे. अंडे शिजवूनच द्यावे; कच्च्या पांढऱ्या भागातील एक प्रथिन बायोटिन शोषू देत नाही. तेल उतरविल्यावर घालावे. चिमूटभर हळद चालते. तिखट-मसाला मात्र अजिबात नको. दिवसाचे अन्न दोन वेळांत विभागून द्यावे.

आता कॅल्शियम. अंड्याची टरफले धुऊन, दहा मिनिटे उकळून, वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करावीत. टोचणारे कण राहता कामा नयेत. या भुकटीत जवळजवळ ४० टक्के कॅल्शियम असते. वरील प्रमाणात अर्धा चहाचा चमचा भुकटी रोजच्या अन्नात मिसळली की प्रौढ कुत्र्याची गरज भागते. परिसरातील पोल्ट्री पाहता टरफलांची वानवा पडण्याचे कारण नाही.

शाकाहारी घरांत अंडी, पनीर, घट्ट दही, शिजवलेली मूगडाळ आणि सोयाबीनच्या वड्या यांतून प्रथिनांची बाजू बरीच सांभाळता येते. अंडेही चालत नसेल तर काम अवघड होते आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून त्या वाटेला जाऊ नये.

एवढे करूनही पातेले पूर्ण होत नाही, ही गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जस्त, तांबे, आयोडिन, ‘ड’ आणि ‘ई’ जीवनसत्त्व यांची भर पडावीच लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेने २०१३ मध्ये पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून घेतलेल्या प्रौढ कुत्र्यांच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता, आणि ८३ टक्क्यांहून अधिक पाककृतींत एकापेक्षा अधिक घटक. त्यामुळे वरील उदाहरणही दिशा कळावी एवढ्यापुरतेच घ्यावे. घरच्या अन्नासाठी जीवनसत्त्वे आणि खनिजांचे मिश्रण कोणते, किती द्यायचे, हे पशुवैद्यकाकडून लिहून घेणे आवश्यक आहे. आठवड्यातून एक-दोनदा थोडी कलेजी दिल्यास तांबे आणि ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. रोज भरपूर दिल्यास त्याच ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो.

तयार खाद्याविषयीचा अविश्वास हे घरच्या स्वयंपाकाकडे वळण्याचे जगभरातील एक मोठे कारण आहे. २००७ मध्ये चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइनची भेसळ निघाली आणि उत्तर अमेरिकेत अनेक नामवंत खाद्ये बाजारातून परत घ्यावी लागली. अविश्वास समजण्याजोगा आहे. पण चांगल्या प्रतीच्या तयार खाद्यात निदान घटकांचे प्रमाण मोजलेले असते, आणि अर्धवट घरच्या जेवणापेक्षा ते अनेकदा बरे ठरते. महिन्याचा खर्च झेपत नसेल तर दोन्हींचा मेळ घालता येतो.

रस्सा, बेदाणे आणि तूप

पश्चिम महाराष्ट्रातील स्वयंपाकघराचा आत्मा म्हणजे कांदा-लसूण मसाला. कुत्र्यासाठी नेमका तोच त्याज्य. कांदा आणि लसणातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजविल्याने वा वाळविल्याने हा दोष जात नाही. एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम कांदाही धोक्याचा. रोज थोडा थोडा रस्सा दिल्यास परिणाम साचत जातो आणि कुत्रा का मलूल झाला, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

तासगाव-सांगलीच्या बेदाण्याचेही तेच. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे काही कुत्र्यांचे मूत्रपिंड एक-दोन दिवसांत निकामी होते. किती दाण्यांनी होईल याचा भरवसा नाही, म्हणून एकही दाणा देऊ नये. खाल्ल्याचे कळताच दवाखाना गाठावा. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ याच यादीतले. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात आणि अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात. रविवारच्या मेजवानीनंतर सोमवारी दवाखान्यात जाण्याची वेळ येते ती अनेकदा यामुळेच.

खाटकाकडील कच्चे फुफ्फुस आणि काळीज कुत्र्याला टाकण्याची सवय तर माणसाच्याही मुळावर येणारी आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या या अवयवांतील गाठींतून एक छोटा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात अथवा फुफ्फुसात हायडॅटिड गाठी होतात. चांगले शिजविल्यास हा धोका टळतो.

भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा मराठी घरांत लहानपणापासून ऐकविली जाते. भाव थोर, आहारशास्त्र मात्र तुपाच्या बाजूने नाही. एकदम खूप स्निग्ध खाल्ल्याने स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. शिवाय वाढलेले वजन आयुष्य कमी करते. ४८ लॅब्रेडॉरवर एका खाद्य कंपनीने केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आजन्म अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले. पोटभर खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे. त्यांना सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात, ही साधी खूण. बिस्किटे, पोळीचा तुकडा, गुळाचा खडा हे सगळे मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये.

नवे अन्न एकाएकी सुरू करू नये. जुन्यात नव्याचा चौथा हिस्सा मिसळून, सात ते दहा दिवसांत पूर्ण बदल करावा. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा गाभण मादी असेल तर वरील प्रमाणे लागू होत नाहीत. कातडीतील सुधारणा दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दर पंधरा दिवसांनी वजन नोंदवावे. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. मोठ्या कुत्र्यासाठी जवळच्या धान्य वा हळद व्यापाऱ्याचा काटा चालतो. मात्र तेथे नेताना पट्टा घट्ट धरावा.